रोजच्या जेवणात प्रथिने वाढवणे आणि कर्बोदके कमी करणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्यात आहारसल्ल्याचे काम करताना कोरेगाव, खटाव, कराड, वाळवा, तासगाव या भागांतून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे आणि ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी ताटात काहीही बदलण्याआधी प्रश्न १५ आणि १६ वाचावेत.

१. प्रोटीन वाढवा, कार्ब कमी करा, असे सगळेच सांगतात. पण आमच्या ताटातले नेमके काय कशात मोडते?

भाकरी, चपाती, भात, पोहे, रवा, साबुदाणा, बटाटा, साखर आणि गूळ हे मुख्यतः कर्बोदकांचे पदार्थ आहेत. डाळी, कडधान्ये, सोयाबीन, दूध, दही, पनीर, अंडी, मासे, चिकन आणि मटण यांतून प्रथिने मिळतात. शेंगदाणे, तीळ, जवस आणि कारळे यांत प्रथिने चांगली असली, तरी तेल त्याहून जास्त असते. मेथी, वांगे, दोडका, कोबी अशा भाज्यांत दोन्ही गोष्टी थोड्याच असतात; त्या ताटाला तंतू, जीवनसत्त्वे आणि पोटभर झाल्याचे समाधान देतात.

कोणताही पदार्थ शंभर टक्के एकाच गोटातला नसतो. भाकरीतही प्रथिने असतात आणि डाळीतही कर्बोदके असतात. हिशेब चुकतो तो बहुधा येथेच, म्हणून पुढे प्रश्न ४ आणि ८ मध्ये त्याचा स्वतंत्र विचार केला आहे.

आपल्याकडे ‘आज कोरड्यास काय?’ असे विचारतात. या शब्दातच भाकरी गृहीत धरलेली असते आणि कोरड्यास, म्हणजे आमटी, उसळ किंवा पिठले, तिला लावून खाण्यापुरते असते. माझा सल्ला थोडक्यात सांगायचा तर एवढाच आहे, की कोरड्यास ताटाच्या मध्यभागी यावे आणि भाकरी त्याच्या सोबतीला असावी.

२. मला दिवसाला किती प्रोटीन लागते?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये दिलेल्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढ व्यक्तीला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात. ५५ किलो वजनाच्या स्त्रीला सुमारे ४६ ग्रॅम आणि ६५ किलो वजनाच्या पुरुषाला सुमारे ५४ ग्रॅम, असा त्याचा अर्थ होतो. वजन उंचीच्या मानाने बरेच जास्त असेल, तर प्रत्यक्ष वजन न धरता उंचीला योग्य असलेले वजन धरून हिशेब करावा. गर्भवती, वृद्ध, कुस्ती किंवा व्यायाम करणारे यांचे आकडे वेगळे आहेत (प्रश्न १४ आणि १७ पाहावेत).

येथे एक गैरसमज जवळजवळ प्रत्येकाचा होतो. ५४ ग्रॅम प्रथिने म्हणजे ५४ ग्रॅम डाळ नव्हे. कच्च्या तूरडाळीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे ५४ ग्रॅम डाळीतून जेमतेम १२ ग्रॅम प्रथिने मिळतील.

३. आमच्या घरी दोन्ही वेळा आमटी असते. मग प्रोटीन कमी कसे पडेल?

हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला, की एका संध्याकाळी मी माझ्याच घरी वजनकाटा ओट्यावर ठेवला. सहा माणसांच्या आमटीसाठी नेहमीची वाटी भरून घेतलेली तूरडाळ १०० ग्रॅम भरली. ती शिजवून, पाणी वाढवून, चिंच-गूळ आणि फोडणी घालून आमटीचे मोठे पातेले भरले; पण डाळ होती तेवढीच राहिली. सहा जणांत वाटल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला १७ ग्रॅमसुद्धा डाळ आली नाही, म्हणजे प्रथिने चार ग्रॅमहून कमी. त्यातही डाळ तळाशी बसते आणि पळी वरून फिरते. जे आधी जेवतात त्यांना पाणी मिळते, आणि शेवटी जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला पातेले पुसून जे राहील ते.

म्हणून आमटी आहे की नाही हे पाहण्यापेक्षा पातेल्यात कच्ची डाळ किती पडली हे पाहावे. प्रत्येक माणसामागे एका वेळेला ३० ते ४० ग्रॅम कच्ची डाळ किंवा कडधान्य धरले, तर ७ ते ९ ग्रॅम प्रथिने मिळतात. सहा माणसांसाठी २०० ग्रॅम डाळ घातली की आमटी आपोआप घट्ट होते. पातळ आमटीची सवय असेल, तर पाणी तेवढेच ठेवून डाळ हळूहळू वाढवावी आणि वाढताना पळी तळापासून फिरवावी.

४. मग भाकरी बंद करायची का?

बंद करण्याची गरज नाही, कमी करण्याची आहे. आणि कमी करण्यातही एक फसगत आहे, ती आधी समजून घ्यावी.

आपल्या भागातली भाकरी मोठी असते. मी वजन केले तेव्हा एका ज्वारीच्या भाकरीला ८० ग्रॅम पीठ लागले होते. त्यात सुमारे ८ ग्रॅम प्रथिने आणि ५४ ग्रॅम कर्बोदके असतात. आता नेहमीचे दुपारचे जेवण घेऊ : दोन भाकऱ्या, पातळ आमटी आणि शेवटी ५० ग्रॅम तांदळाचा भात. प्रथिने साधारण २४ ग्रॅम होतात आणि कर्बोदके १५५ ग्रॅमच्या आसपास. याचा अर्थ असा, की प्रथिनांपैकी मोठा वाटा आमटीतून येत नसून भाकरीतून येतो. अशा माणसाने एक भाकरी आणि भात सोडला, पण आमटी होती तेवढीच पातळ ठेवली, तर त्याची प्रथिने निम्म्याखाली येतात. वजन उतरते, पण पायांतले बळही उतरते. ‘डाएट केल्यावर थकवा आला’ असे सांगणाऱ्यांत अशी माणसे फार असतात.

त्याऐवजी एक भाकरी, ४० ग्रॅम कोरड्या मटकीची घट्ट उसळ, वाटीभर दही आणि पालेभाजी असे ताट केले, तर प्रथिने २२ ग्रॅमच्या आसपास राहतात आणि कर्बोदके ८० ग्रॅमपर्यंत खाली येतात. त्यावर एक उकडलेले अंडे किंवा मूठभर भाजलेले शेंगदाणे घेतले, की प्रथिने २७-२८ ग्रॅमवर जातात. म्हणून क्रम असा ठेवावा, की आधी आठवडाभर कोरड्यास वाढवावे आणि मगच भाकरी किंवा भात कमी करावा. भूक आपोआप साथ देते.

५. मी गव्हाची चपाती सोडून ज्वारी-बाजरीची भाकरी खातो. एवढे पुरेसे नाही का?

ज्वारी आणि बाजरी चांगलीच धान्ये आहेत. माण-खटाव, जत, आटपाडीच्या कमी पावसाच्या भागाला त्यांनीच जगवले आहे आणि त्यांत तंतू व खनिजे भरपूर आहेत. मात्र कर्बोदकांच्या बाबतीत ती गव्हाच्या फारशी मागे नाहीत. १०० ग्रॅम पिठात गव्हात, ज्वारीत किंवा बाजरीत कर्बोदके ६० ते ७० ग्रॅमच्या दरम्यानच असतात.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी मधुमेह पाहणीतील आहारविषयक निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतीयांची सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून आणि प्रथिनांतून केवळ १२ टक्क्यांच्या आसपास येते, असे त्यात आढळले. एकूण कर्बोदके तेवढीच ठेवून पांढऱ्या तांदळाच्या जागी गहू किंवा भरडधान्ये आणली, तर मधुमेहाचा धोका कमी असल्याचे त्या पाहणीत दिसले नाही. कर्बोदकांतील पाच टक्के ऊर्जेच्या जागी डाळी किंवा दुधातील प्रथिने घेतल्याच्या हिशेबात मात्र धोका कमी दिसला. त्यामुळे धान्य बदलले तरी भाकऱ्यांची संख्या मोजावीच लागते.

६. सकाळी पोहे, उपीट नाहीतर चहा-बिस्किट असते. त्याऐवजी काय करावे?

न्याहारी हे आपल्या दिवसातले प्रथिनांचे सर्वांत कोरडे ठिकाण आहे. एका ताटलीतल्या पोह्यांत ५-६ ग्रॅमपेक्षा जास्त प्रथिने निघत नाहीत आणि दोन कप गोड चहाने त्यात साखरेचीच भर पडते. पोहे सोडवत नसतील, तर पोहे निम्मे करून त्यात वाटीभर मोड आलेली वाफवलेली मटकी आणि नेहमीपेक्षा थोडे जास्त शेंगदाणे घालावेत.

मुगाचे किंवा मिश्र डाळींचे धिरडे आणि दही, अंड्याची पोळी आणि अर्धी भाकरी, रात्रीची उसळ गरम करून तीच सकाळी, असे पर्याय रोजच्या घाईतही जमतात. ५० ग्रॅम मूगडाळीच्या धिरड्यांतून १२ ग्रॅम प्रथिने मिळतात. डाळ रात्री भिजत घालायची आठवण ठेवणे, एवढेच यातले खरे कष्ट आहेत.

संध्याकाळी सांगलीकडे भडंग हवेच असते. त्यात मुरमुरे म्हणजे भातच आहे, हे लक्षात ठेवून मूठ लहान करावी आणि सोबत फुटाणे घ्यावेत.

७. एकासाठी वेगळा स्वयंपाक करणे परवडत नाही. सगळ्यांना चालेल असे काय आहे?

वेगळा स्वयंपाक करूच नये. तो आठवड्याच्या वर टिकत नाही आणि त्याचे ओझे घरातल्या एकाच बाईवर पडते. आपल्या भागाच्या जुन्या स्वयंपाकात प्रथिनांचे पदार्थ इतके आहेत, की ते आठवड्यातून फिरवले तरी पुरे.

उडदाच्या डाळीचे घुटे हा त्यांतला मला सर्वांत प्रिय पदार्थ. डाळ मऊ शिजवून, रवीने घोटून, लसूण-मिरचीचा ठेचा आणि कोथिंबीर घालून केलेले घुटे दाट असते आणि वाटी भरून खाता येते. उडदाच्या डाळीत १०० ग्रॅममागे २३-२४ ग्रॅम प्रथिने असतात. कराडपासून कोल्हापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर धाब्याधाब्यांवर मिळणारा अख्खा मसूर घरी निम्म्या तेलात उत्तम होतो. हुलग्याचे पिठले आणि शेंगोळी, पावट्याची आमटी, डाळकांदा, झुणका, मुगाची उसळ ही यादी आणखी वाढवता येईल. हुलगे गरिबाचे म्हणून मागे पडले, याचे मला वाईट वाटते; कोरडवाहू रानात येणाऱ्या या धान्यात २२ टक्के प्रथिने आहेत.

कोरेगाव तालुक्याचा वाघ्या घेवडा तर भौगोलिक मानांकन मिळालेला आहे. अंगावर वाघासारखे पट्टे असलेला हा घेवडा राजम्याच्याच जातीचा असल्यामुळे तो अर्धवट शिजवून कधीही खाऊ नये, नाहीतर उलट्या-जुलाब होतात. रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, नवीन पाण्यात कुकरमध्ये अगदी मऊ होईपर्यंत शिजवावा.

ज्याला कर्बोदके कमी करायची आहेत त्याने याच पातेल्यातून दोन वाट्या कोरड्यास आणि एक भाकरी घ्यावी. शाळेत जाणाऱ्या मुलाने एक वाटी कोरड्यास आणि दोन भाकऱ्या. स्वयंपाक एकच, वाढप वेगळे.

८. पण डाळीतही कार्ब असतातच. मग त्यांनी साखर वाढणार नाही का?

डाळी आणि कडधान्यांत १०० ग्रॅममागे ५० ते ६० ग्रॅम कर्बोदके असतात, हे बरोबर आहे. परंतु त्यांसोबत तंतू आणि प्रथिने असल्यामुळे त्यांचे पचन सावकाश होते आणि रक्तातील साखर भाताने चढते तशी झपाट्याने चढत नाही. अख्खी कडधान्ये या बाबतीत डाळींपेक्षाही सरस आहेत. मात्र आमटी वाढवली आणि भातही तेवढाच ठेवला, तर एकूण कर्बोदके वाढतीलच. वरण ही भाताची जागा घेणारी वस्तू समजावी.

९. मोड आणल्यावर प्रोटीन दुप्पट होते हे खरे आहे का? आणि उसळीने गॅस होतो, त्याचे काय?

दुप्पट होत नाही. दाणा पाणी पिऊन फुगतो, त्यामुळे मोड आलेल्या १०० ग्रॅम मटकीत प्रथिने कोरड्या मटकीपेक्षा कितीतरी कमी भरतात. म्हणून मोजमाप नेहमी कोरड्या धान्याचे करावे. मोड आणण्याचा खरा फायदा पचनाचा आहे. भिजवल्याने आणि मोड आणल्याने पोटात वायू करणाऱ्या शर्करा आणि लोह शोषू न देणारे घटक कमी होतात, तसेच क जीवनसत्त्व वाढते.

गॅसचा त्रास असेल तर सुरुवात मूगडाळ आणि मसूर यांपासून करावी, कारण त्या पचायला हलक्या असतात. नंतर मोडाचे मूग, मग मटकी, आणि हरभरा, पावटा व घेवडा सर्वांत शेवटी. भिजवलेले पाणी टाकावे, उसळ नीट शिजवावी, फोडणीत हिंग-ओवा घालावा. दोन-तीन आठवड्यांत आतडी बहुधा रुळतात.

१०. दुभते घरचे आहे. दूध, दही, ताक, पनीर यांतले काय घ्यावे?

गायीच्या १०० मिलिलिटर दुधात सुमारे ३ ग्रॅम आणि म्हशीच्या दुधात सुमारे ४ ग्रॅम प्रथिने असतात. दह्यात जवळपास तेवढीच राहतात. दही फडक्यात बांधून टांगले की पाणी निथळते आणि चक्क्यात प्रथिने दाट होतात. तोच चक्का साखरेऐवजी मीठ, जिरे आणि लसूण घालून भाकरीशी खाता येतो. पनीरमध्ये १०० ग्रॅममागे सुमारे १८ ग्रॅम प्रथिने असतात, पण चरबीही २० ग्रॅमपर्यंत जाते, म्हणून एका वेळेला ५०-६० ग्रॅम पुरे. घरी पनीर केले तर राहिलेले पाणी आमटीत किंवा कणकेत वापरावे.

ताकाबद्दल मात्र अपेक्षा माफक ठेवावी. पेलाभर पातळ ताकात दोन ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. ते उन्हाळ्यात उत्तम आहे, परंतु प्रथिनांची भरपाई म्हणून पुरत नाही. कंदी पेढा दुधाचा असला तरी तो साखरेच्या हिशेबात धरावा.

११. शेंगदाण्याची चटणी, कारळ्याची चटणी रोज असते. ती प्रोटीनमध्ये धरावी का?

धरावी, पण थोडीच. शेंगदाण्यात १०० ग्रॅममागे सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असली तरी जवळजवळ ५० ग्रॅम तेल असते आणि एकूण ऊर्जा ५५० कॅलरींच्या वर जाते. चमचाभर चटणीतून दोन-तीन ग्रॅम प्रथिने मिळतात. मूठभर, म्हणजे सुमारे २५ ग्रॅम शेंगदाणे रोज घेण्यास हरकत नाही. प्रत्येक भाजीत कूट, वर चटणी आणि संध्याकाळी चिक्की असे झाले, की वजन कमी होण्याऐवजी वाढते.

१२. शेतात सोयाबीन पिकते. ते दळणात टाकले तर चालेल का?

चालेल, आणि ते फार कमी खर्चाचे आहे. सोयाबीनमध्ये १०० ग्रॅममागे सुमारे ३८ ग्रॅम प्रथिने असतात. कोणत्याही डाळीपेक्षा जास्त. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनाला अडथळा करणारे घटक असतात आणि ते उष्णतेने निघून जातात, म्हणून सोयाबीन आधी नीट भाजावे किंवा उकळून वाळवावे आणि मगच गिरणीत न्यावे. बियाण्यासाठी औषध लावून ठेवलेले सोयाबीन चुकूनही खाण्यात येऊ देऊ नये. नऊ किलो गव्हाला एक किलो सोयाबीन हे प्रमाण चपातीची चव बिघडवत नाही आणि पिठातील प्रथिने सुमारे ११ टक्क्यांवरून १३-१४ टक्क्यांपर्यंत नेते.

बाजारातल्या सोयावडीत १०० ग्रॅममागे सुमारे ५० ग्रॅम प्रथिने असतात. ३० ग्रॅम वड्या गरम पाण्यात भिजवून, पिळून, मटणाच्या वाटणात शिजवल्या की मुलेही खातात. थायरॉइडची गोळी चालू असल्यास सोयाबीन टाळण्याचे कारण नाही. मात्र सोयाबीनमुळे गोळीचे शोषण कमी होऊ शकते, म्हणून गोळी आणि सोयाबीनचे जेवण यांत सुमारे चार तासांचे अंतर ठेवावे.

१३. आम्ही बुधवार-रविवारीच मांसाहार करतो. तेवढ्याने आठवड्याचे भागते का?

भागत नाही. प्रथिनांचा साठा चरबीसारखा करून ठेवता येत नाही, त्यामुळे रविवारी अर्धा किलो मटण खाल्ले तरी ते गुरुवारच्या कामी येत नाही. रविवारच्या ताटात मटणाचे तुकडे मोजके, तांबडा-पांढरा रस्सा भरपूर आणि त्यासोबत तीन भाकऱ्या व भात असे असेल, तर ते जेवणही कर्बोदकांचेच ठरते. रस्स्यातून चव आणि तेल येते. प्रथिने तुकड्यांत राहतात. शिजवलेल्या चिकनच्या १०० ग्रॅममध्ये २७ ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात.

अंडी खाणाऱ्यांनी ती रोजची करावीत. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात आणि दर्जाने ती सर्वोत्तम गणली जातात. निरोगी माणसाने दिवसाला एक पूर्ण अंडे खाण्यास हरकत नाही. जास्त हवी असल्यास एकाच्या वरच्या अंड्यांचा फक्त पांढरा भाग घ्यावा.

१४. मुलगा तालमीत जातो. पावडर घ्यावी का? आणि त्यानेही भाकरी कमी करावी का?

कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक मिळवले, त्या भागातल्या घरांत हा प्रश्न फार आस्थेने विचारला जातो. दोन वेळा मेहनत करणाऱ्या मल्लाला वजनाच्या दर किलोमागे साधारण १.६ ग्रॅम प्रथिने लागतात. ७० किलोच्या मुलाला सुमारे ११२ ग्रॅम. एक लिटर दूध, चार अंडी, दोन वेळची घट्ट उसळ, ५० ग्रॅम सोयावडी किंवा १५० ग्रॅम चिकन आणि भाकऱ्या यांतून ती पुरी होतात. त्याने भाकरी कमी करू नये, कारण कुस्तीची ताकद कर्बोदकांवरच चालते.

पावडर हे दुधाचेच वेगळे केलेले प्रथिन आहे. एका मापात २० ते २५ ग्रॅम प्रथिने मिळतात, म्हणजे सुमारे चार अंड्यांएवढी. जेवणातून भागत नसेल तेव्हा ती घेता येते, पण डब्यावर अन्नसुरक्षा परवान्याचा क्रमांक पाहावा आणि तालमीत कोणी सुट्या पिशवीतून दिलेली पावडर घेऊ नये.

१५. मला मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. भात-भाकरी एकदम निम्मी केली तर चालेल ना?

डॉक्टरांना सांगितल्याशिवाय एकदम निम्मी करू नये. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असताना कर्बोदके अचानक घटली, तर औषधाचा डोस पूर्वीचाच असल्यामुळे साखर धोकादायकपणे उतरू शकते. घाम फुटणे, हात थरथरणे, धडधड, गोंधळल्यासारखे होणे ही लक्षणे दिसली आणि साखर ७० च्या खाली असली, तर तीन लहान चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावी. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये, थेट दवाखाना गाठावा.

डॅपाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन या गटातील गोळ्यांचा धोका वेगळा आहे. त्या चालू असताना कर्बोदके फारच कमी केली किंवा कडक उपवास केला, तर रक्तात आम्ले साठून केटोॲसिडोसिस होऊ शकतो, आणि तेव्हा साखर फार वाढलेली दिसेलच असे नाही. उलट्या, पोटदुखी, धाप अशी लक्षणे दिसल्यास थांबू नये. केवळ मेटफॉर्मिन चालू असलेल्यांना साखर उतरण्याची भीती कमी असते, तरीही बदल पायरीपायरीने करावा आणि डोस ठरवणाऱ्या डॉक्टरांना तो कळवावा.

१६. किडनीचा त्रास, मुतखडा, युरिक ॲसिड असताना प्रोटीन वाढवावे का?

तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. मूत्रपिंडाचे काम कमी झालेल्या, पण डायलिसिसवर नसलेल्या रुग्णाने प्रथिने वाढवू नयेत. त्याला बहुधा दर किलोमागे ०.६ ते ०.८ ग्रॅम एवढीच दिली जातात. डायलिसिस सुरू झाल्यावर उलट प्रथिने वाढवावी लागतात, सुमारे १ ते १.२ ग्रॅम. मधुमेह जुना असेल तर सुरुवातीलाच क्रिएटिनिन आणि लघवीतील अल्ब्युमिन तपासून घ्यावे, कारण मूत्रपिंडाचा आजार बराच काळ लक्षणांशिवाय वाढतो.

मुतखड्याची प्रवृत्ती असलेल्यांनी मांसाहाराचा अतिरेक टाळावा, पाणी भरपूर प्यावे आणि मीठ कमी करावे. दूध-दही बंद करू नये. युरिक ॲसिड वाढलेले असल्यास मटण, विशेषतः काळीज-भेजा, आणि दारू टाळावी. डाळी सगळ्या बंद करण्याचा सल्ला गावोगावी दिला जातो, पण वनस्पतींतील प्युरिनमुळे (प्युरिन म्हणजे ज्यापासून शरीरात युरिक ॲसिड बनते तो घटक) युरिक ॲसिडच्या संधिवाताचा, म्हणजे गाउटचा धोका तसा वाढल्याचे आढळत नाही, आणि दूध व अंडी तर या रुग्णांसाठी सोयीचीच आहेत.

१७. गर्भवती, लहान मुले आणि म्हातारी माणसे यांचे काय?

गर्भवतीला नेहमीच्या प्रथिनांव्यतिरिक्त चौथ्या ते सहाव्या महिन्यात रोज सुमारे ९.५ ग्रॅम आणि शेवटच्या तीन महिन्यांत २२ ग्रॅम जास्त लागतात. तिने कर्बोदके कमी करण्याच्या मागे लागू नये. गरोदरपणातील मधुमेह असेल तर प्रमाण डॉक्टर ठरवतील. वाढत्या मुलांच्या ताटातली भाकरी काढू नये, फक्त बिस्किटे, वेफर्स आणि शीतपेये काढावीत.

साठीनंतर स्नायू झिजतात, म्हणून ज्येष्ठांना दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने योग्य मानली जातात. प्रत्यक्षात दात नसल्यामुळे त्यांचे जेवण दूध-भाकरी किंवा मऊ भातावर येऊन थांबते. घुटे, मुगाचे दाट वरण, चक्का, मऊ अंडे आणि हुलग्याचे माडगे त्यांना चावावे लागत नाही.

१८. एकादशी, संकष्टी, श्रावणी सोमवार, नवरात्र... उपवासाला सगळे बिघडते.

साबुदाण्याने बिघडते. त्यात १०० ग्रॅममागे ८५ ग्रॅमहून जास्त कर्बोदके आणि प्रथिने नावापुरतीही नसतात, वर बटाटाही पडतो. राजगिऱ्यात सुमारे १४ टक्के प्रथिने आहेत, म्हणून राजगिऱ्याची भाकरी किंवा थालीपीठ, सोबत दाट दही किंवा पनीर आणि शेंगदाण्याची आमटी असा उपवास करावा. वरीचे तांदूळ साबुदाण्यापेक्षा बरे आहेत, पण तोही भातच आहे. औषधे चालू असणाऱ्यांनी निर्जळी किंवा एकभुक्त उपवासाआधी प्रश्न १५ पाहावा.

१९. मी दिवसभर रानात असते, भांगलणीला जाते. मीही भाकरी कमी करायची का?

नाही. दिवसभर वाकून भांगलण करणे, ऊस तोडणे, मोळ्या उचलणे या कामाला ऊर्जा लागते आणि ती भाकरीतूनच स्वस्तात मिळते. बैठे काम करणाऱ्यांसाठी जे लिहिले जाते ते आपल्याला जसेच्या तसे लागू होत नाही. आपल्या फडक्यात बहुधा भाकरी, खर्डा आणि कांदा असतो, तेथे सुकी मटकी, झुणका किंवा दोन उकडलेली अंडी वाढवावीत. भाकरी तेवढीच राहू द्यावी. काम नसलेल्या महिन्यांत मात्र तीच भूक धरून खाल्ले जाते आणि वजन वाढते, तेव्हा एक भाकरी कमी करावी.

२०. कार्ब कमी केल्यापासून डोके दुखते आणि पोट साफ होत नाही. सोडून देऊ का?

सोडण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. कर्बोदके घटली की पहिल्या आठवड्यात शरीरातून पाणी आणि मीठ जास्त बाहेर जाते, त्यामुळे डोके जड होते आणि उभे राहताना चक्कर येते. रक्तदाब वाढलेला नसेल तर मीठ घातलेले ताक किंवा आमटीचे कढण दिवसातून दोनदा घ्यावे. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असल्यास मीठ वाढवू नये, रक्तदाब मोजून डॉक्टरांना सांगावे.

पोट साफ न होण्याचे कारण बहुधा असे असते, की भाकरीसोबत तिच्यातले तंतूही गेले आणि त्यांच्या जागी केवळ पनीर व अंडी आली. दोन्ही जेवणांत वाटी-दोन वाट्या पालेभाजी किंवा शेंगभाजी, सालासकटची कडधान्ये आणि पाणी वाढवले की चार-पाच दिवसांत फरक पडतो. तरीही त्रास दोन आठवड्यांपेक्षा जास्त राहिला, तर अर्धी भाकरी परत घ्यावी आणि महिनाभर त्याच प्रमाणावर राहावे.